टर्बोच्या सांध्यातून गळणारा धूर

(वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाची संहिता)



मी बी.ए., बी.एड्. झालेला माणूस. शाळेत मराठी आणि इतिहास हे विषय शिकवतो. मोटारीचे बॉनेट उघडून आत पाहावे आणि काही समजावे असे माझे शिक्षण नाही. तरीही आज मी आपल्यापुढे ट्रकच्या टर्बोविषयी बोलायला उभा आहे, याचे काही जणांना नवल वाटेल. संयोजकांनी मला ‘व्यवसाय आणि विद्यार्थी’ असा विषय दिला होता. त्यावर चार गोड वाक्ये बोलून मला मोकळे होता आले असते. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्याच घरात एक प्रकरण घडले. त्यात माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. तो विद्यार्थी आज या सभागृहात बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच मी बोलतो आहे.

इथे या टेबलावर पत्र्याच्या तीन चपट्या, काळ्या पडलेल्या चौकटी ठेवल्या आहेत. गॅरेजमध्ये त्यांना ‘पॅकिंग’ म्हणतात, पुस्तकात गॅस्केट. भाषण संपेपर्यंत मुलांनी त्या हातोहात फिरवाव्यात. हात थोडे काळे होतील, त्याला इलाज नाही.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते सांगतो, कारण पालकांपैकी पुष्कळांनी हा शब्द ट्रकच्या मागे रंगवलेला पाहिला असेल, प्रत्यक्ष वस्तू पाहिली नसेल. एक लिटर डिझेल नीट जळण्यासाठी सुमारे बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे जवळजवळ दहा हजार लिटर. म्हणजे इंजिन डिझेल पिते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते हवाच पिते; डिझेल हे त्यातले मीठ. आता जास्त भार ओढायचा तर जास्त डिझेल जाळले पाहिजे, आणि जास्त डिझेल जाळायचे तर जास्त हवा कोंबली पाहिजे. ही हवा कोंबण्याचे काम टर्बो करतो. इंजिनातून बाहेर पडणारा जो तप्त धूर आपण वाया घालवतो, त्याच्या जोरावर एक चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते ताजी हवा दाबून इंजिनात पाठवते. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. तळहातावर मावणारे हे चाक ट्रकच्या इंजिनात मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेते. ते ज्या दांड्यावर फिरते तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून प्रथम विश्वास बसला नव्हता.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धुराचा जोर चाकापर्यंत पोहोचला पाहिजे. वाटेत कुठे फट असेल आणि धूर तिथूनच निसटत असेल, तर चाक हळू फिरते, हवा कमी मिळते, आणि डिझेल मात्र तेवढेच पडत राहते. मग डिझेल अर्धवट जळते, मागून काळा धूर येतो, गाडी चढावर मरते आणि अ‍ॅव्हरेज घसरते. पाण्याच्या नळाला वाटेत भोक पडले तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच हे.

आता प्रकरण सांगतो.

माझे थोरले भाऊ, त्यांना मी भाईजान म्हणतो, मुंबई-आग्रा महामार्गावर स्वतःचा ट्रक चालवतात. सहा सिलिंडरचा, २०१२ सालचा. २०२३ च्या पावसाळ्याआधी त्यांचा टर्बो तेल खाऊ लागला. निळसर धूर येऊ लागला. आमच्या गावाबाहेरच्या एका गॅरेजमध्ये, जिथे भाईजान वर्षानुवर्षे काम करून घेतात, तिथल्या उस्तादांनी टर्बो उतरवला. तो दुरुस्तीसाठी शहरात पाठवला. आतला दांडा, चाके आणि बेअरिंगे नवी घालून तो परत आला. उस्तादांनी आपल्या हाताखालच्या मुलाच्या मदतीने तो परत बसवला. हा मुलगा माझाच विद्यार्थी. दहावीला गणितात दोनदा राहिला, तिसऱ्यांदा सुटला, आणि मग शाळेकडे वळून न पाहता गॅरेजमध्ये गेला. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

गाडी सुरू झाली. तेल खाणे बंद झाले. पण दुसऱ्याच खेपेला भाईजान म्हणाले, थंड इंजिन सुरू केले की ‘टिक् टिक् टिक्’ असा आवाज येतो, आणि चढावर शिटीसारखी फुसफुस होते. बॉनेट उघडले तर टर्बो जिथे मॅनिफोल्डला चार बोल्टांनी बसतो त्या सांध्यावर काजळीचा पट्टा उमटलेला. मॅनिफोल्ड म्हणजे सहाही सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा जाड नळ. उस्तादांनी विचारले तेव्हा मुलाने कबूल केले की जुने पॅकिंगच परत घातले होते, कारण नवे दुकानात शिल्लक नव्हते आणि भाईजानना घाई होती.

जुने पॅकिंग पुन्हा का घालू नये, हे मला नंतर समजले. ते पोलादी पत्र्याच्या पातळ थरांचे असते आणि त्यावर उंचवट्याची एक रेघ असते. पहिल्यांदा दाबले की ती रेघ चेपून दोन्ही तोंडांतल्या बारीक खाचाखोचा भरते. एकदा चेपली की तिची स्प्रिंग संपली. पुन्हा घातले तर ती वरवर बसते, धरत नाही. शेकडो रुपयांच्या वस्तूवर हजारोंचे काम वाया जाते ते असे.

तर नवे पॅकिंग आणले, घातले. आठ दिवसांत पुन्हा तोच आवाज. या वेळी उस्तादांनी त्यावर काळ्या ट्यूबमधले सिलिकॉन लावले. मित्रहो, इथे मी उस्तादांचा अनादर करत नाही, तेही आज येथे आहेत आणि ही चूक त्यांनी स्वतः माझ्यासमोर कबूल केली आहे. साधे सिलिकॉन अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे टिकत नाही. घाटात भार ओढताना टर्बोत शिरणारा धूर सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास असतो. ते सिलिकॉन जळून राख होते, आणि त्याहून वाईट म्हणजे आतल्या बाजूला पसरलेला त्याचा तुकडा सुटून मिनिटाला लाख फेरे घेणाऱ्या चाकावर आपटू शकतो. हेच सिलिकॉन टर्बोखालच्या तेल परतीच्या नळीच्या तोंडाशी लावले आणि आत ओघळले तर तेल उतरायला जागा राहत नाही. मग ते सीलमधून धुरात जाते, आणि टर्बो खराब झाला असा बोभाटा होतो. आमच्या सुदैवाने तसे झाले नाही. सिलिकॉन मात्र चार दिवसांत जळाले.

तिसऱ्या वेळी गाडी परत आली ती कसाऱ्याच्या घाटातून. भाईजान कांदा घेऊन मुंबईकडे निघाले होते. परतीच्या वाटेवर गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चढली. केबिनमध्ये डिझेलचा उग्र वास भरला होता, कारण गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले होते आणि पावसामुळे काचा बंद होत्या. वर पोहोचेपर्यंत त्यांचे डोके ठणकत होते आणि डोळ्यांवर झापड येत होती. त्यांनी गाडी बाजूला लावली आणि तासभर खाली उतरून पावसात उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी हे आमच्या भाभींना सांगितले नाही, मला सांगितले.

हा धूर साधा नसतो, हे येथील पालकांना विशेषतः सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरातली माणसे गाडीवर किंवा गॅरेजमध्ये आहेत. त्यात काजळी असते, नायट्रोजनचे घशाला झोंबणारे वायू असतात, आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही असतो. पेट्रोलच्या मानाने तो कमी, पण बंद जागेत तोही साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. पावसाळ्यात शटर ओढून आत इंजिन चालू ठेवण्याची जी सवय आहे ती तोडावी, एवढे मी कुणाचाही राग पत्करून सांगेन.

उस्तादांनी बॉनेट उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सांध्यातून निसटणाऱ्या धुराच्या झोतासमोर वायरींचा एक जुडगा होता, त्याचे वेष्टन भाजून कडक झाले होते. तिथून वीतभर अंतरावर ब्रेकच्या हवेची नायलॉनची नळी जाते. झोताची दिशा थोडी वेगळी असती, तर घाटात काय झाले असते याचा विचार मी करू इच्छित नाही.

गॅरेजमध्ये त्या दिवशी रागाचा पारा चढला. तीन वेळा काम झाले, तीन वेळा फुकट गेले. बँकेचा हप्ता तुंबलेला, कांद्याचे भाडे गेलेले. सगळ्यांचे बोट त्या मुलाकडे गेले. बोल्ट त्यानेच आवळले होते, जुने पॅकिंग त्यानेच घातले होते. उस्तादांनी त्याची मजुरी कापली. आणि मी काय केले? मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील हातगाडीवर फळे विकतात, त्यांना मी चाचा म्हणतो. त्यांना दारात बोलावून मी सांगितले, “चाचा, तुमच्या मुलाच्या हलगर्जीपणामुळे माझे भाऊ मरता मरता वाचले. वर्गात गणिताच्या तासाला जसा होता, तसाच तो कामावर आहे.” चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा ठेवायला सांगितला. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा शाळेच्या फाटकाशी उभा होता. हातात या तीन चौकटी. “सर,” तो म्हणाला, “रागवा, पण आधी हे बघा.”

त्याने काढलेले प्रत्येक पॅकिंग फेकून न देता भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवले होते, आणि खडूने त्यावर वरची बाजू कोणती ती खूण केली होती. मी इतिहास शिकवतो. कागदपत्र, नाणे, शिलालेख यांवरून मागे काय घडले ते कसे ओळखायचे हे मी मुलांना दर वर्षी सांगतो. पण त्या दिवशी एका मुलाने मला पत्र्याच्या तीन तुकड्यांवरून वाचन करून दाखवले. तिन्ही तुकड्यांवर तीन कोपऱ्यांत उंचवट्याची रेघ नीट चेपली होती, चकचकीत झाली होती. चौथ्या कोपऱ्यात, खालच्या आणि मागच्या बाजूला, ती चेपलीच नव्हती, तिथे फक्त काजळी होती. प्रत्येक वेळी तोच कोपरा. “सर, मी एकच बोल्ट तिन्ही वेळा ढिला सोडीन का? आणि सोडला असता तर काढताना तो हाताने फिरला असता. तो तर पान्याला दम लावूनच सुटला. म्हणजे बोल्ट आवळलेला आहे, पण तोंड टेकत नाही.”

हे ऐकल्यावर मला त्याला घेऊन गॅरेजमध्ये जावेच लागले. उस्तादांनी प्रथम हात झटकले, पण मुलाने स्टीलची सरळ पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडावर आडवी-तिरपी ठेवली आणि फिलर गेज, म्हणजे जाडी मोजायच्या पातळ पात्या, खालून सरकवून पाहिल्या. त्या कोपऱ्यात पाव मिलिमीटरची पाती सहज गेली. अशा तोंडाला साधारणपणे एक-दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. तोंड वाकले होते.

बीड का वाकते, याचे गणित मी नंतर बसून केले, आणि ते येथील विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावे. बिडाचा एक मिलिमीटर लांबीचा तुकडा एक अंश तापला तर तो मिलिमीटरचा सुमारे अकरा दशलक्षांश एवढा वाढतो. मॅनिफोल्ड ८०० मिलिमीटर लांब धरा, आणि तो ५०० अंशांनी तापतो असे धरा. ८०० गुणिले ५०० गुणिले अकरा, भागिले दहा लाख, उत्तर ४.४ मिलिमीटर. ज्या सिलिंडर हेडवर तो बसला आहे ते पाण्याने थंड ठेवलेले असते, ते साठ-सत्तर अंशांनीच तापते आणि अर्धा मिलिमीटरच वाढते. म्हणजे प्रत्येक खेपेला एक भाऊ चार मिलिमीटर पुढे जायचे म्हणतो आणि दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणूनच मोठ्या इंजिनांचे मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांचे करतात आणि मध्ये सरकता सांधा ठेवतात. तो सांधा काजळीने आवळला गेला तर तोंड वाकते किंवा स्टड तुटतो.

उस्ताद म्हणाले, “ठीक आहे, तोंड लेथवर समतल करून आणू.” पण मुलाचे समाधान झाले नव्हते. तो गाडीखाली शिरला. टर्बोतून निघून सायलेन्सरकडे जाणारा जो नळ असतो त्याच्या मागच्या टोकाचा क्लॅम्प त्याने सोडला. नळ ‘ठण्’ असा आवाज करून बाजूला उडाला. दोन बोटांचे अंतर पडले. म्हणजे इतके दिवस तो नळ ताण देऊन, पहार लावून जागेवर ओढलेला होता, आणि तो सगळा ताण टर्बोच्या त्या चार बोल्टांवर पडत होता. त्या नळाला इंजिनाशी बांधणारी आधारपट्टीही नव्हती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या नळाच्या मध्यावर पन्हाळीदार लवचीक तुकडा असावा लागतो. इंजिन रबराच्या पायांवर डुलते, सायलेन्सर चेसीसला बांधलेला असतो. दोघांच्या हालचाली वेगळ्या, म्हणून मध्ये लवचीक नळ. या गाडीत तो तुकडाच नव्हता. त्याजागी साधा लोखंडी पाइप वेल्डिंग करून जोडला होता.

“हे कोणी केले?” उस्तादांनी विचारले.

भाईजान तिथेच उभे होते. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मीच. मागल्या वर्षी. लवचीक तुकडा फाटला होता, रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून दोनशे रुपयांत करून घेतला. पट्टीचा बोल्ट तुटला होता, ती मी काढून टाकली.” नव्या तुकड्याचे तेव्हाचे पैसे वाचले होते. टर्बोच्या जुन्या दुखण्याचे मूळही त्यातच होते की काय, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण पॅकिंग तीनदा का फुटले, हे मात्र सगळ्यांना समोर दिसत होते. वाकलेले तोंड, आणि त्यावर रोज हादरे देणारा लोंबता नळ.

मग दुरुस्ती कशी झाली ते जरा सविस्तर सांगतो, कारण येथे गॅरेजमध्ये काम करणारी निदान पाच-सहा मुले मला दिसत आहेत.

मॅनिफोल्ड उतरवला. दोन स्टड उतरवतानाच तुटले. गंजलेल्या स्टडला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नट ठेवून वेल्डिंग करावे; वेल्डिंगच्या उष्णतेने आटे सैल होतात आणि नट फिरवला की खुंट निघतो. घाईघाईत ड्रिल मारले की भोक तिरके जाते आणि आटे मरतात. तोंड समतल करून आणले. टर्बोचे तोंडही पट्टी लावून पाहिले, ते ठीक होते. जुन्या पॅकिंगचे अवशेष खरवडताना टर्बोच्या तोंडात चिंधी कोंबून ठेवली, आणि काम झाल्यावर ती चिंधी काढल्याची खात्री दोघांनी केली. हसू नका, चिंधी आत राहिल्याच्या गोष्टी उस्तादांकडे आहेत.

नवे पॅकिंग कोरडे घातले, सिलिकॉन नाही, ग्रीस नाही. नवे स्टड, उष्णतेला टिकणारे नवे नट. आट्यांवर तांब्याची भुकटी असलेले पेस्ट लावले, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटतील. आता खरी गोष्ट. सगळे सांधे आधी फक्त हाताने लावले: टर्बो, खालचा नळ, नवा लवचीक तुकडा, सायलेन्सरचा क्लॅम्प, आधारपट्टी. कुठेही पाना लावला नाही. नळ ताण न देता आपल्या जागी स्वतःहून बसतो की नाही ते पाहिले. बसत नव्हता, म्हणून आधारपट्टीचे भोक थोडे लांबट केले. मगच आवळायला सुरुवात केली, टर्बोपासून, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, एका दमात नाही, तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर. आधी सायलेन्सरचे टोक घट्ट करून मग टर्बोकडे येणे ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. तेवढ्या एका चुकीने नवे पॅकिंग पहिल्या दिवशीच तिरके बसते.

तेल परतीच्या नळीचेही पॅकिंग नवे घातले आणि ती नळी कुठेही मुडपलेली नाही, सरळ उतारावर आहे हे पाहिले. लालबुंद मॅनिफोल्डवर तेलाची धार पडली तर गाडी पेटते. धुराच्या गळतीपेक्षा ही गळती अधिक भयंकर. इंजिन सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतले, इंजिन बंद करण्याची दोरी ओढून धरून स्टार्टर फिरवला, आणि तेल चढल्यावरच इंजिन सुरू केले. पाच मिनिटे नुसते मंद चालू ठेवले, रेस दिली नाही.

गळती तपासण्याची मुलाची रीत मला फार आवडली. आपल्याकडे पुष्कळ जण गरम इंजिनावर हात फिरवून पाहतात आणि हात भाजून घेतात. त्याने इंजिन सुरू करण्याआधीच, थंड असताना, सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या गुंडाळलेली हवेची नळी बसवून कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने सोडली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. जिथे फट तिथे बुडबुडे. पहिल्या खेपेला लवचीक तुकड्याच्या मागच्या क्लॅम्पशी बुडबुडे आले, तो पुन्हा बसवला. हीच चाचणी तो ताज्या हवेच्या बाजूच्या रबरी नळ्यांनाही करतो. तिथे गळती असली तरी गाडी मरते आणि काळा धूर येतो, पण ‘टिक् टिक्’ होत नाही, काजळीही उमटत नाही. दोन्हींतला फरक न ओळखता लोक चांगला टर्बो बदलून टाकतात. इंजिन चालू असताना त्याने रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्याजवळ धरून ऐकले. डॉक्टरसारखे.

एक खेप करून आल्यावर इंजिन पूर्ण थंड झाले तेव्हा सगळे नट त्याने पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासले. दोन नट पाव फेरा फिरले. तापून-निवून पॅकिंग बसते, म्हणून हे लागतेच.

ही जुन्या गाडीची गोष्ट झाली. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्या गाड्यांत धूर गाळणारी आणि मोजणारी उपकरणे असतात. सांध्यात फट असेल तर मोजणाऱ्या सेन्सरला चुकीचा आकडा मिळतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि संगणक लावणारा मेकॅनिक भलताच भाग बदलायला सांगतो. काजळीचा पट्टा पाहणारा डोळा तिथेही लागतो. आमच्या या मुलाला आता तेही शिकायचे आहे. आय.टी.आय.च्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गासाठी त्याने अर्ज भरला तेव्हा गणिताच्या गुणांकडे पाहून तो पुन्हा बिचकला होता. मी त्याला वरचे ४.४ मिलिमीटरचे गणित घातले. त्याने ते माझ्यापेक्षा लवकर सोडवले, आणि मला सांगितले की मॅनिफोल्डची लांबी मी चुकीची धरली आहे, भाईजानच्या गाडीचा मॅनिफोल्ड ८०० नाही, ७४० आहे. त्याने टेप लावून मोजला होता.

उस्तादांनी त्याची कापलेली मजुरी परत दिली, भाईजाननी त्यात आपली भर घातली. मी चाचांकडे गेलो. या वेळी बसलो, चहा घेतला. त्यांची माफी मागितली. चाचा म्हणाले, “मास्तर, तुम्ही त्या दिवशी उभ्यानेच गेलात, तेवढे मला वाईट वाटले होते. मुलाने चूक केली नाही हे मला माहीत होते. तो रात्रभर ते पत्रे घेऊन बसला होता.” मी त्यांना विचारले, तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? ते म्हणाले, “तुम्ही त्याचे सर आहात.”

पालकांनो, ते वाक्य मला अजून रात्री आठवते. अधिक काही बोलत नाही.

भाईजानच्या गाडीत ते पॅकिंग बसवले त्याला आता बरेच महिने झाले. मागच्याच आठवड्यात आम्ही बॉनेट उघडून पाहिले, सांधा कोरडा आहे. गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटलेले रबरही बदलले आहे, ते मात्र मी मागे लागून बदलायला लावले. उस्ताद मागच्या रांगेत खिडकीपाशी बसले आहेत, आणि त्यांच्या शेजारी तो. ज्यांच्या घरी गाडी आहे आणि काही विचारायचे आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर त्या दोघांना गाठावे. मला विचारू नये. आणि त्या तीन चौकटी ज्यांच्या हातात असतील त्यांनी टेबलावर परत आणून ठेवाव्यात, त्या खिळ्यावर परत जायच्या आहेत.